कोणाला निवडायचे आणि किती दमवायचे?

परवा कपाट आवरताना निळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही हाती लागली. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, आत पेन्सिलीने आखलेल्या रेघा, टिंबे आणि आकडे. ही माझी स्कोअरबुक. शाळेत माझे विषय मराठी आणि इतिहास. पण आमच्या शाळेला बरीच वर्षे क्रीडाशिक्षकच नव्हता, आणि मला क्रिकेटचे वेड आहे हे हेडमास्तरांना ठाऊक होते. त्यामुळे लातूर जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी शाळेचा संघ निवडणे, त्याला गावोगाव नेणे आणि आणणे हे काम आपोआप माझ्याकडे आले. पुढे बदली होऊन नांदेडला आलो, निवृत्त झालो, पण वही तशीच राहिली.

त्या वहीत फेब्रुवारी १९९३ चे एक पान आहे. ते पान मी बऱ्याच वर्षांत उघडले नव्हते. परवा उघडले. त्या पानाबद्दल सांगायचे आहे, पण आधी जरा लांबून येतो. इतिहासाच्या मास्तरला सरळ रस्त्याने येता येत नाही, हे माझे विद्यार्थी जाणतात.

२०१४ साली मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. तो तेव्हा पिट्सबर्गला होता. एका संध्याकाळी त्याने मला तिथल्या नदीकाठच्या मैदानावर बेसबॉलचा सामना बघायला नेले. बॅट-बॉलचा खेळ म्हटल्यावर दहा मिनिटांत कळेल असे वाटले होते. तासभर काहीच कळले नाही. मात्र दोन गोष्टी मुलाने समजावून सांगितल्या आणि त्या डोक्यात घर करून बसल्या.

पहिली गोष्ट अशी. मैदानाच्या कडेला कुंपणापलीकडे एक वेगळी जागा असते, तिला बुलपेन म्हणतात. चेंडू फेकणारे राखीव गडी तिथे बसलेले असतात. मुख्य फेकणाऱ्याने किती चेंडू टाकले हे एकजण सतत मोजत असतो. आकडा शंभराच्या आसपास गेला की, फेकणारा कितीही चांगला टाकत असला तरी, तिकडे फोन जातो आणि दुसरा हात गरम करायला लागतो. सामन्याच्या अगदी शेवटच्या डावासाठी तर एक वेगळाच माणूस राखून ठेवलेला असतो. कोणाला केव्हा बोलवायचे, काल कोण किती दमला, उद्या कोण लागेल, हा हिशेब चुकला की दुसऱ्या दिवशी गल्लीतली म्हातारी माणसेसुद्धा व्यवस्थापकाला शिव्या घालतात. आपल्याकडे पानाच्या टपरीवर कर्णधाराला घालतात तशाच!

दुसरी गोष्ट म्हणजे ड्राफ्ट. शाळा-कॉलेजातली होतकरू पोरे वर्षातून एकदा संघांनी पाळीपाळीने निवडायची. तेव्हा साधारण नियम असा होता की जो संघ मागच्या वर्षी तळाला, त्याला आधी निवडायची संधी. १९६५ साली ही पद्धत सुरू झाली. आणि दुसऱ्याच वर्षी गंमत झाली. १९६६ ला पहिली पाळी न्यूयॉर्क मेट्स संघाची होती. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट नावाचा पोरगा निवडला. दुसऱ्या पाळीला दुसऱ्या संघाने रेजी जॅक्सन निवडला. जॅक्सन त्या खेळातल्या थोरामोठ्यांत जाऊन बसला. चिलकॉट जखमी होत राहिला आणि वरच्या पातळीवर एकही सामना खेळला नाही. उलट १९८८ साली माइक पियाझा नावाच्या मुलाला ६२ व्या फेरीत, तब्बल १३९० व्या क्रमांकावर घेतले, तेही ओळखीपाळखीने. २०१६ साली त्या पियाझाला त्यांच्या सर्वोच्च सन्मानाच्या दालनात जागा मिळाली.

मुलगा म्हणाला, "बाबा, इथे यावरच बारा महिने चर्चा चालते. कोणाला निवडायचं आणि कोणाला किती वापरायचं." मी मनात म्हटले, अरे, मी पस्तीस वर्षे वेगळे काय केले?

आता आपल्या मुलखाकडे येऊ.

आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याला क्रिकेट नवीन नव्हते. मोइन-उद-दौला सुवर्णचषकाची स्पर्धा १९३० च्या सुमाराला हैदराबादेत सुरू झाली आणि देशातले नामवंत खेळाडू तिथे येऊन खेळले. १९३७-३८ साली हैदराबादच्या संघाने रणजी करंडक जिंकला. अंतिम सामन्यात नवानगरला हरवले, तेही एका गड्याने. एडुलजी आयबारा याने शेवटच्या डावात नाबाद १३७ धावा केल्या होत्या. म्हणजे कागदोपत्री त्या वर्षी नांदेड, लातूर, बीड, परभणी हेही विजेत्या राज्याचे भाग होते! पण तो संघ हैदराबाद-सिकंदराबाद या जुळ्या शहरांभोवती फिरणारा. कंधारच्या किंवा निलंग्याच्या पोराने तिथे जावे कसे, आणि गेले तरी त्याच्याकडे बघावे कोणी?

१९५६ साली राज्य पुनर्रचना झाली आणि आम्ही मुंबई राज्यात आलो. क्रिकेटच्या बाबतीत आमची वाट पुण्याकडे वळली, कारण आमचे जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या अखत्यारीत. दैव बदलले, अंतर बदलले नाही. लातूरहून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी गाठायची आणि तिथून पुढची मोठी गाडी, नाहीतर रात्रभर एसटीत बसून अंग मोडून घ्यायचे. नांदेडहून तर मीटरगेजने मनमाड. सकाळी उतरून डोळ्यांत झोप घेऊन निवड चाचणीला उभे राहायचे, आणि सहा चेंडू टाकले की "नेक्स्ट!" ऐकून परतायचे. निवडणारे वाईट होते असे मी म्हणत नाही. सहा चेंडूंत माणूस ओळखायची विद्या कोणाकडेच नसते.

खेळासाठी घर सोडणे आमच्याकडे नवे नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कुस्तीसाठी कोल्हापूरला गेले, महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० साली एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले. लातूरची माती, पण तालीम कोल्हापूरची. क्रिकेटमध्येही तेच. संजय बांगर मूळचा बीडचा, पण रणजी खेळला रेल्वेकडून आणि २००२ साली लीड्सच्या ढगाळ हवेत सलामीला येऊन ६८ धावा करून गेला. औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी महाराष्ट्रासाठी वर्षानुवर्षे वेगवान गोलंदाजी करत राहिला, तीनशेहून अधिक बळी घेतले. त्याच्या वाट्याला कसोटी आली एक. डिसेंबर २००१, मोहाली, इंग्लंडविरुद्ध. शेवटी जिंकायला पाचच धावा हव्या होत्या तेव्हा त्यालाच सलामीला पाठवले होते, एवढीच आठवण लोकांना आहे.

निवडीचा इतिहास बघितला तर तो चुकांचाच इतिहास आहे. आणि सगळ्या चुका नजरेच्या नसतात, काही मनाच्या असतात.

पळवणकर बाळू यांचेच बघा. जन्म १८७६, धारवाड. चर्मकार समाजातला मुलगा पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायला लागला. पगार महिना चार रुपये. सरावाच्या वेळी साहेब लोकांना तासन् तास चेंडू टाकायचा. ग्रेग नावाचा साहेब त्याच्याच गोलंदाजीवर सराव करून मोठा झाला असे म्हणतात. फलंदाजी मात्र त्याला कोणी करू दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवण्यासाठी बाळूची गरज भासली तेव्हा संघात घेतले, पण चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंचे वय ३५. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली मिळाले. इथे निवडणाऱ्यांना बाळूंचे गुण दिसत नव्हते असे नाही. दिसत होते, म्हणूनच वापरून घेत होते.

आता दुसरे टोक. ऑगस्ट १९७१. मी नांदेडच्या पीपल्स कॉलेजात बी.ए. करत होतो. नरहर कुरुंदकर सर तिथे शिकवत, त्यामुळे वर्गात बसण्याची चैन होती. पण त्या दिवशी आम्ही चार-पाचजण एका मित्राच्या खोलीवर ट्रान्झिस्टरला कान लावून बसलो होतो. ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ वर आटोपला, आणि आपण इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकलो. रस्त्यावर येऊन आम्ही नुसतेच ओरडत सुटलो होतो.

त्या चंद्रशेखरचा उजवा हात लहानपणी पोलिओने वाळला होता. त्याच हाताने तो चेंडू टाकायचा. मला नेहमी वाटते, आज एखाद्या निवड शिबिरात फूटपट्टी, वजनकाटा आणि वेग मोजायचे यंत्र घेऊन बसलेल्यांपुढे असा हात घेऊन एक पोरगा उभा राहिला, तर त्याच्या हातात चेंडू तरी कोणी देईल का? तेव्हा दिला. अठरा वर्षांचा असताना, १९६४ साली तो कसोटी खेळला आणि ५८ कसोटींत २४२ बळी घेऊन गेला. म्हणजे निवडणारे कधी कधी बरोबरही असतात, हे नोंदवले पाहिजे.

आणि तरीही त्याच काळात पद्माकर शिवलकर आणि राजिंदर गोयल बाहेर बसले होते. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि संघात बिशनसिंग बेदी. गोयलने प्रथम श्रेणीत ७५० बळी घेतले, शिवलकरांनी ५८९. कसोटी शून्य. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ असे बळी घेतले. दोन दिवसांत सामना जवळजवळ संपला होता, तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर संपला. २०२५ च्या मार्चमध्ये शिवलकर गेले. वर्तमानपत्रांत सगळीकडे एकच वाक्य होते, चुकीच्या काळात जन्मले. मला ते वाक्य पटत नाही. माणूस चुकीच्या काळात जन्मत नसतो, जागा एकच असते आणि माणसे दोन असतात, एवढेच.

आमच्या क्रिकेटमध्येही एकदा अगदी अमेरिकेसारखा ड्राफ्ट झाला, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नाही. आयपीएलचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ ला झाला. त्यात मोठे खेळाडू विकले गेले. पण १९ वर्षांखालील मुले लिलावात नव्हती. ती मार्चमध्ये पाळीपाळीने निवडली गेली. पहिली पाळी दिल्लीची. समोर दिल्लीचाच, नुकताच युवा विश्वचषक जिंकून आलेला कर्णधार होता. पण दिल्लीकडे फलंदाज पुष्कळ होते, त्यांना गोलंदाज हवा होता. त्यांनी प्रदीप संगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला. मग बंगळूरने त्या कर्णधाराला घेतले. त्याचे नाव विराट कोहली. तो त्याच संघात राहिला आणि २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी करंडक जिंकला तेव्हा मैदानावर रडला.

दिल्लीवाले मूर्ख होते का? मला तसे वाटत नाही. त्या दिवशीच्या गरजेला धरून त्यांचा निर्णय शहाणपणाचाच होता. चिलकॉट निवडणारेही आपल्या समजुतीप्रमाणे शहाणेच होते. अठरा वर्षांच्या मुलाचे पुढचे वीस वर्षांचे आयुष्य कोणालाच वाचता येत नाही. म्हणून निवडणाऱ्याचे मोठेपण किती वेळा बरोबर ठरला यात नसते. त्याने किती ठिकाणी जाऊन बघितले आणि किती वेळ थांबून बघितले, यात असते. क्रिकेट बोर्डाने २००२ च्या सुमाराला मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून लहान गावांत माणसे पाठवायची योजना काढली, दिलीप वेंगसरकर तिचे प्रमुख होते. त्या योजनेतल्याच प्रकाश पोद्दार यांनी २००३ साली जमशेदपूरला एक यष्टिरक्षक बघितला आणि त्याचे नाव वर कळवले. तो धोनी. कोणीतरी उठून जमशेदपूरला गेले म्हणून दिसला!

आमच्याकडेही हल्ली दिसू लागले आहे. जालन्याचा विजय झोल २०१४ साली युवा विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ चा युवा विश्वचषक जिंकलेल्या संघात होता, त्याला चेन्नईने दीड कोटीला घेतले. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या युवा विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपांत्य सामन्यात, ४ बाद ३२ वरून डाव सावरत, ९६ धावा केल्या. २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तिच्यात सहा संघ होते. मराठवाड्याच्या वाट्याला एक, छत्रपती संभाजी किंग्ज. जालना झाले, तुळजापूर झाले, बीड झाले. नांदेड-लातूरची पाळी कधी येते याची मी वाट बघतो आहे.

पण निवड हा अर्धाच प्रश्न. निवडलेल्याचे काय करायचे, हा उरलेला अर्धा. आणि माझी वही त्या अर्ध्याबद्दल आहे.

जुन्या काळी दमवण्याचाच गौरव होत असे. १९५२ साली लॉर्ड्सवर विनू मंकडने ७२ आणि १८४ धावा केल्या, आणि त्याच सामन्यात ९७ षटके टाकली. पहिल्या डावात ७३, दुसऱ्यात २४. आपण सामना हरलो, पण 'मंकडची कसोटी' म्हणून तो आजही ओळखला जातो. ही गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल! "बघा, याला म्हणतात जिद्द." मंकड फिरकी टाकत होता आणि ३५ वर्षांचा तयार गडी होता, हे मात्र मी कधी सांगितले नाही. माझ्याच डोक्यात आले नव्हते.

वेगवान गोलंदाजाचे गणित वेगळे असते. धावत येऊन पुढचा पाय आपटायचा, त्याच क्षणी कंबर पिळायची आणि खांदा फिरवायचा. पाठीच्या खालच्या मणक्यांवर दर चेंडूला तोच ताण, त्याच जागी. मोठ्या माणसाचे हाड तो सोसते, तेही विश्रांती मिळाली तर. वाढत्या वयातले हाड कच्चे असते. त्याला आधी बारीक चीर पडते, दुखणे येते-जाते, आणि आपण म्हणतो, "कंबर भरली असेल." बेसबॉलवाल्यांच्या कोपराचे असेच होते. १९७४ साली टॉमी जॉन नावाच्या फेकणाऱ्यावर डॉक्टर फ्रँक जोब यांनी कोपराची शस्त्रक्रिया केली, मनगटाकडची नस काढून कोपरात बसवली. तो परत आला आणि पुढे १६४ सामने जिंकून गेला. ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. आज शाळकरी पोरांवरही ती करावी लागते, म्हणून २०१४ साली तिथे वयाप्रमाणे चेंडूंची मर्यादा सांगणारे तक्ते निघाले.

इंग्लंडच्या बोर्डाने शाळकरी वेगवान गोलंदाजांसाठी असाच तक्ता केला होता. तेरा वर्षांपर्यंत एका दमात ५ षटके, दिवसात १०. चौदा-पंधराच्या मुलाला एका दमात ६, दिवसात १२. सोळा-सतराला एका दमात ७, दिवसात १८. किती साधे आहे! वहीच्या पाठपुठ्ठ्यावर मावेल इतके.

आता वही.

आमच्या शाळेत नववीत एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. बाप दुसऱ्याच्या शेतात सालगडी. पोरगा सडपातळ, उंच, अनवाणी धावत यायचा आणि चेंडू असा टाकायचा की मॅटिंगवर पडून फलंदाजाच्या छातीशी यायचा. त्याला मीच हेरला. मधल्या सुट्टीत चिंचेला दगड मारताना बघितले होते, दगड शेंड्यापर्यंत जायचा. त्याच्या बापाला मी घरी जाऊन सांगितले, "हे पोरगं पुढं जाईल. याला खेळू द्या." बाप म्हणाला, "तुमच्या हवाली केलं सर." आमच्याकडे हे वाक्य फार सहज बोलतात. त्याचे वजन फार असते.

फेब्रुवारी १९९३. त्याच महिन्यात वानखेडेवर विनोद कांबळीने इंग्लंडविरुद्ध २२४ धावा काढल्या होत्या आणि गावातले प्रत्येक पोरगे बॅट फिरवत होते. शेजारच्या गावी शनिवार-रविवार शालेय स्पर्धा होती. २५ षटकांचे सामने, अंतिम सामना ३० षटकांचा. एका गोलंदाजाने किती षटके टाकावीत याला त्या स्पर्धेत बंधन नव्हते. वहीत लिहिलेले असे. शनिवारी सकाळी १२. शनिवारी दुपारी ११. रविवारी सकाळी १३. रविवारी अंतिम सामना, १५. एका टोकाने सबंध वेळ तोच. बेरीज ५१.

आम्ही करंडक जिंकला. वहीत त्या पानावर माझ्याच हस्ताक्षरात लिहिले आहे, 'शाब्बास'.

तक्त्याप्रमाणे दोन दिवसांची त्याची मर्यादा होती २४. मी दुपटीहून जास्त टाकून घेतली. संघात दुसरे गोलंदाज नव्हते असे नाही. दोघे होते, बरे होते. पण मला जिंकायचे होते. रविवारी दुपारी जेवताना तो एकदा म्हणाला होता, "सर, कंबर धरलीय." मी त्याला बाम दिला आणि मंकडची गोष्ट सांगितली.

पुढचा महिनाभर तो वाकून चालत होता. मला वाटले, भरेल. पावसाळ्यात लातूरला नेऊन फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी मणक्यातली चीर दाखवली आणि निदान सहा महिने चेंडूला हात लावायचा नाही म्हणून बजावले. त्याच सप्टेंबरच्या ३० तारखेला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मग आमच्या सगळ्या जिल्ह्यालाच खेळ आठवायला सवड नव्हती. तो मुलगा दहावी झाला आणि कामाला लागला. पुन्हा धावत येऊन चेंडू टाकताना मी त्याला बघितला नाही.

त्याचा जन्म १९७८ चा. त्याच वर्षी श्रीरामपूरला झहीर खान जन्मला. तोही लहान गावातला, साध्या घरातला. सतराव्या वर्षी बापाने त्याला मुंबईला नेले, तिथे सुधीर नाईकांच्या क्लबात तो खेळला, मग चेन्नईच्या वेगवान गोलंदाजांच्या शाळेत गेला, आणि कसोटीत ३११ बळी घेऊन थांबला. माझा विद्यार्थी झहीर झाला असता असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे स्वतःच्या नजरेचे कौतुक करून घेणे. बहुधा झाला नसता, जिल्ह्याच्या संघापर्यंत गेला असता. पण ते ठरवायचा हक्क त्याच्या कंबरेला होता, माझ्या करंडकाला नव्हता.

हे फक्त मैदानावर होते असेही नाही. आमचे लातूर 'लातूर पॅटर्न'साठी ओळखले जाते. त्याने कितीतरी गरीब घरांतून डॉक्टर-इंजिनिअर घडवले, याचा मला अभिमान आहे. पण पंधराव्या वर्षी "हा चालणार, हा नाही चालणार" अशी पोरे वेगळी काढणे आणि चालणाऱ्याला पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत जुंपणे, यात मला कधी कधी तीच वही दिसते. मोजणारा कोणीतरी बाजूला बसलेला हवा. गुण मोजणारा नव्हे, दमणूक मोजणारा.

आता मोठ्या क्रिकेटमध्ये मोजतात. जसप्रीत बुमराहने २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात दीडशेहून अधिक षटके टाकून ३२ बळी घेतले आणि शेवटच्या कसोटीत पाठीने दगा दिला. म्हणून २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचांपैकी तीनच कसोटी खेळणार, हे आधीच जाहीर केले. टपरीवर खूप टीका झाली. "आमच्या काळात असली लाडं नव्हती." मोहम्मद सिराज मात्र पाचही कसोटी खेळला, १८५ षटके टाकली, आणि ४ ऑगस्टला ओव्हलवर शेवटचा बळी घेऊन आपल्याला ६ धावांनी जिंकून दिले. हैदराबादच्या रिक्षावाल्याचा मुलगा! आमच्या जुन्या राज्याच्या राजधानीचा म्हणून मला जरा जास्तच आनंद झाला. मग लोक म्हणू लागले, बघा, सिराज टाकतो ना, मग बुमराह का नाही? मी पूर्वी हेच म्हटले असते. आता एवढेच म्हणतो की दोघांच्या पाठी वेगळ्या आहेत, आणि एकाच्या पाठीकडे बघून दुसऱ्याची षटके ठरवू नयेत. वर्गातही एकाकडे बोट दाखवून दुसऱ्याला हाणणारे आम्हीच होतो.

गेल्या दिवाळीत तो विद्यार्थी नांदेडला घरी आला. बरोबर त्याचा मुलगा होता. चौदा वर्षांचा, बापासारखाच उंच. फराळ झाला, गावाकडच्या गोष्टी झाल्या. मग तो म्हणाला, "सर, लेकरू चांगलं टाकायलंय. दिवसभर टाकतो म्हणतंय. किती टाकू द्यावं?"

माझा घास घशात अडकला. मी म्हटले, "तुझ्याशी माझं फार चुकलं रे. तुला एक्कावन्न षटकं टाकायला लावली. थांबवायला पाहिजे होतं."

त्याने जरा विचार केला. रागाने नाही, आठवून आठवून बोलावे तसा बोलला, "तुम्ही चेंडू दुसऱ्याला देत नव्हता ना सर, म्हणून मला वाटायचं मी लई भारी टाकायलोय. लई बरं वाटायचं तेव्हा."

यावर मला बोलता आले नाही. ज्या गोष्टीने त्याचे नुकसान झाले, तीच त्याला आयुष्यातला सन्मान वाटत होती. शिक्षकाच्या हातात केवढी ताकद असते आणि ती किती बिनहिशेबी वापरली जाते, ते मला पंचाहत्तरीत कळले.

मी आत जाऊन कागद आणला आणि मोठ्या अक्षरांत लिहून दिले. एका दमात सहा. दिवसात बारा. दुसऱ्या दिवशी विश्रांती. कंबर दुखली तर चेंडू खाली, सामना कितीही अडलेला असो. मुलाने कागद वाचला आणि तोंड वाकडे केले. "आजोबा, बाराच?"

"बाराच," मी म्हटले. "आणि तेरावी टाकायला सांगणारा मास्तर भेटला, तर त्याला माझा फोन नंबर दे."

बाप हसला. कागद मात्र त्याने घडी घालून खिशात ठेवला.

असो. वही परत कपाटात ठेवली आहे. त्या पानावरच्या 'शाब्बास'शेजारी परवा पेन्सिलीने एक आकडा लिहिला, २४. उशीर झाला आहे, पण हिशेब बरोबर लिहून ठेवावा, एवढे तरी इतिहासाच्या मास्तरने करायला हवे.